बाबांचा २००८ चा डेस्कटॉप सारखा अडकतोय, कुठून सुरुवात करू?

अंगणातली_जाई | शनिवार, सकाळी ९.४०

नमस्कार. पुण्यात नारायण पेठेत आमच्या घरी बाबांचा जुना डेस्कटॉप आहे. २००८ च्या मे महिन्यात बुधवार पेठेतून सुटे भाग आणून जुळवून घेतलेला. कोअर टू ड्युओ ई७२०० प्रोसेसर, इंटेल जी३१ चिपसेटचा बोर्ड, दोन जीबी डीडीआर२ रॅम, १६० जीबीची साटा हार्ड डिस्क आणि विंडोज एक्सपी. इंटरनेट जोडलेलं नाही.

गेले दोन महिने तो चालता चालता अडकतो. पडदा आहे तसाच राहतो, निळा वगैरे होत नाही. बटण दाबून बंद करून पुन्हा चालू करावा लागतो. दिवसातून दोनदा, कधी चारदा.

"नवीन घ्या" असं सगळेच सांगतात, म्हणून आधीच लिहिते. बाबा (वय ७४) पूर्वी डीटीपीची कामं करायचे. लग्नपत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंकांची पानं. धंदा बंद करून दहा वर्षं झाली, पण सध्या ते आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची दुसरी आवृत्ती लावत आहेत. ६४० पानं, सगळी पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, जुन्या मराठी फाँटमध्ये. त्या फाँटच्या सॉफ्टवेअरचं लॉक संगणकाच्या मागे पॅरलल पोर्टला लावलेलं आहे. ते नसेल तर सॉफ्टवेअर उघडतच नाही, आणि नव्या संगणकाला तसं पोर्टच नसतं. त्यामुळे हाच संगणक निदान सहा महिने नीट चालायला हवा आहे.

एका दुकानात नेला होता. त्यांनी रॅम पुसून दिली, पाचशे रुपये घेतले, आणि "फॉरमॅट मारावा लागेल" म्हणाले. दोन दिवस बरा चालला, मग परत तेच. मला स्क्रूड्रायव्हर धरता येतो, भीती वाटत नाही. फक्त काय आधी आणि काय नंतर ते कळत नाही.

कोथरूडकर | सकाळी ९.५५

फॉरमॅट मारा आणि एक्सपी परत टाका. इतक्या वर्षांचा कचरा साठला असेल. माझा असाच सुधारला होता.

स्क्रूड्रायव्हर | सकाळी १०.०२

फॉरमॅट मारू नका!! जाईताई, कृपया आधी हे वाचा.

मी २२ वर्षं दुरुस्तीचं काम करतोय. अडकणाऱ्या जुन्या मशीनमध्ये पहिलं काम एकच: त्यातला माल बाहेर काढणं. निदान नंतर. फॉरमॅट नाही, डिस्क तपासणी नाही, डीफ्रॅग तर मुळीच नाही. ६४० पानांची दुसरी प्रत आहे का कुठे?

अंगणातली_जाई | सकाळी १०.१०

बाबा दर रविवारी पेन ड्राइव्हवर घेतात म्हणाले. आत्ता पाहिलं, शेवटची प्रत फेब्रुवारीतली आहे. त्यानंतर पेन ड्राइव्ह लावला की संगणक अडकायचा, म्हणून त्यांनी घेणं सोडून दिलं आणि मला सांगितलं नाही.

नवखा_७७ | सकाळी १०.१४

ताई, आजच्या आज प्रत घ्या. आमच्याकडे आईच्या पाककृतींची फाईल अशीच गेली. तिनं बारा वर्षं लिहिलेली होती.

रात्रपाळी | सकाळी १०.३१

मी सर्व्हरखोलीत काम करतो, ही "अडकतो" तक्रार रोज ऐकतो. या एका शब्दात चार वेगळे आजार लपलेले असतात, म्हणून काही प्रश्न.

अडकल्यावर माउसचा बाण हलतो की तोही थिजतो? कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबलं तर त्याचा दिवा लागतो-विझतो का? कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा सतत पेटलेला राहतो की विझलेला? बटण न दाबता पाच मिनिटं थांबलात तर आपोआप सुटतो का? आणि घड्याळ बरोबर वेळ दाखवतं का?

कॅप्स लॉकचा दिवा बदलत असेल तर विंडोज आतून जिवंत आहे, कशाची तरी वाट पाहतंय. तो दिवाही हलत नसेल तर मशीन मुळापासून थांबलंय. दोन्हींची कारणं साधारणपणे वेगळी असतात.

मुठाकाठ | सकाळी १०.५०

माझा कौल रॅमला. डीडीआर२ च्या पट्ट्यांवर काळपट थर चढतो, खोडरबराने घासली की चकाकते. दुकानात पुसल्यावर दोन दिवस बरा चालला ना? तोच पुरावा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा.

स्क्रूड्रायव्हर | सकाळी ११.०५

मुठाकाठ, रॅम काढताना मशीन उघडलं, धूळ हलली, केबली काढून परत बसवल्या. बरं वाटलं ते यातल्या कशामुळे, हे कसं ठरवणार? एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मग बघायचं.

माझा संशय एसएमपीएसवर (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यावर) आहे. २००८ च्या जुळवलेल्या मशीनमध्ये बहुधा कॅबिनेटसोबत फुकट आलेला असणार. डब्यावर ४५० वॅट छापलेलं असतं, ते नुसतं स्टिकर.

अंगणातली_जाई | दुपारी २.२०

रात्रपाळी, तुमचे प्रश्न कागदावर लिहून बाबांशेजारी बसले. सकाळपासून दोनदा अडकला, आणि दोन्ही वेळा वेगळा!

पहिल्यांदा बाबा फाईल सेव्ह करत होते. डिस्कचा लाल दिवा पेटला तो विझेना. बाण अडखळत अडखळत हलत होता. कॅप्स लॉक उशिरा का होईना, बदललं. आतून बारीक टिक्... टिक्... असा आवाज येत होता. साधारण दीड मिनिटानं आपोआप सुटला.

दुसऱ्यांदा बाबा काहीच करत नव्हते, नुसते वाचत होते. बाण ठप्प, कॅप्स लॉक ठप्प, डिस्कचा दिवा विझलेला. दहा मिनिटं थांबलो. काही नाही. बटण दाबावंच लागलं.

घड्याळ बरोबर आहे. बाबांनी गेल्या वर्षी तो बटण-सेल बदलला होता.

रात्रपाळी | दुपारी २.४५

छान पाहिलंत, याच नोंदीची गरज होती. तुमच्याकडे एक आजार नाही, दोन आहेत. दुकानदाराला आणि इथल्या सगळ्यांना ते एकच वाटत होते, म्हणून कुठलंच औषध लागू पडत नव्हतं.

पहिला आजार डिस्कचा. दिवा पेटलेला, टिकटिक आवाज, थोड्या वेळानं सुटणं: डिस्क एखादा खराब सेक्टर (डिस्कवरचा छोटा कप्पा) पुन्हा पुन्हा वाचू पाहतेय आणि विंडोज तिच्या उत्तराची वाट बघतंय. पेन ड्राइव्हवर प्रत घेतानाच अडकायचा तो यामुळेच, कारण तेव्हा जुन्या फायली सलग वाचल्या जातात.

यात एक्सपीची एक खोडी अशी की डिस्ककडून वेळेत उत्तर न येण्याच्या किंवा सीआरसीच्या (माहिती वाटेत बिघडल्याच्या) सहापेक्षा जास्त चुका साठल्या, की ते त्या चॅनेलचा वेग उतरवत नेतं आणि शेवटी डीएमए (प्रोसेसरला न गुंतवता डिस्कची माहिती आणायची पद्धत) सोडून पीआयओ या जुन्या, संथ पद्धतीवर आणतं. मग प्रत्येक बाइट वाचायला प्रोसेसर राबतो, बाण अडखळतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रायमरी आयडीई चॅनेलच्या अॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये "करंट ट्रान्सफर मोड" बघा. शिवाय इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टम नोंदीत स्रोत "डिस्क", क्रमांक ७ अशा लाल ओळी आहेत का तेही. त्या खराब ब्लॉकच्या असतात.

दुसऱ्या आजाराबद्दल आत्ता बोलू नये. आधी डिस्क.

कोथरूडकर | दुपारी ३.००

मग डिस्क तपासणी चालवा ना, chkdsk ला आर लावून. खराब सेक्टर बाजूला काढते ती.

रात्रपाळी | दुपारी ३.०८

नको हो. धडधाकट डिस्कवर ठीक आहे. मरू घातलेल्या डिस्कवर ती प्रत्येक कोपरा तासन्‌तास खरवडते आणि दुरुस्तीच्या नावाखाली त्याच डिस्कवर लिहिते. शेवटचा श्वास त्यातच जातो. आधी प्रतिकृती घ्यायची, मग काय करायचं ते प्रतिकृतीवर.

जाई, एक २५० जीबीच्या आसपासची साधी साटा एसएसडी आणा. तुमच्या बोर्डावर साटाची चार तोंडं असावीत, जुनी आणि नवी दोन्ही एकदम लागतील. एक पेन ड्राइव्ह लिनक्सचा (विंडोजऐवजी चालणारी प्रणाली) बनवा, त्यावरून संगणक चालू करा आणि डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कची प्रत काढणारा प्रोग्राम वापरा. ते आधी सरळ वाचता येणारा सगळा भाग पटापट उचलतं, अडलेल्या जागा सोडून पुढे जातं, आणि मग त्यांच्याकडे परत येतं. कुठपर्यंत आलो याची नोंद नकाशा-फाईलमध्ये ठेवतं, त्यामुळे मध्ये मशीन अडकलं तरी तिथूनच पुढे. ती फाईल तिसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या पेन ड्राइव्हवर ठेवा.

एकच धोका आहे आणि तो मोठा आहे: कुठून आणि कुठे यांची अदलाबदल. तसं झालं तर कोऱ्या डिस्कची प्रत भरलेल्या डिस्कवर उतरेल. एंटर दाबण्याआधी दोन्ही डिस्कचे आकार मोठ्यानं वाचा. शेजारी बाबांना बसवा.

स्क्रूड्रायव्हर | दुपारी ३.२०

अनुमोदन. साटाची डेटा केबलही नवी घ्या. सीआरसीच्या चुका केबलमुळेही येतात.

खिळेजुळारी | दुपारी ४.१५

धागा वाचून राहवलं नाही. मीही डीटीपीवालाच, सदाशिव पेठेत. आधी खिळे जुळवायचो, मग पेजमेकर. जाई, बाबांना नमस्कार सांगा.

दुरुस्ती चालू द्या, पण त्या लॉकचा विचार आत्ताच करा. लॉक गेलं तर ६४० पानं फायलीत असूनही हाताला लागणार नाहीत. पेजमेकर ७ ही शेवटची आवृत्ती, २००१ ची, तिच्यापुढे पेजमेकर निघाला नाही. म्हणून पूर्ण झालेल्या प्रत्येक प्रकरणाची लगेच पीडीएफ करून ठेवा, फाँट आत बसवून. निदान छापता तरी येईल.

अवांतर: मजकूर युनिकोडमध्ये (आजच्या, सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) नेणारे कन्व्हर्टर आहेत, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. जुन्या फाँटमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमानं साठवलेली असतात. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये उलट: वेलांटी व्यंजनाच्या मागून येते, आणि रफाराचा र आधी. कन्व्हर्टर हा क्रम फिरवतो आणि जोडाक्षर आलं की चुकतो. सगळ्यात जास्त हाल ऱ्य आणि ऱ्ह चे. कुलवृत्तांतात "कऱ्हाड" किती वेळा येत असेल विचार करा. मी एका स्मरणिकेत "कर्हाड" असं शंभरेक ठिकाणी छापून बसलो होतो. त्यातले निम्मे माझ्या नजरेतून सुटले होते आणि मला अजून त्याचं वाईट वाटतं.

भरतकाम | दुपारी ४.४०

खिळेजुळारी काका, हे फार उपयोगी आहे. माझ्या आजोबांचं आत्मचरित्र असंच अडकलंय. यावर वेगळा धागा काढाल का?

खिळेजुळारी | दुपारी ४.४८

काढतो. दोन दिवस द्या.

अंगणातली_जाई | सोमवार, रात्री ११.२५

प्रतिकृती झाली!

आधी दोन नोंदी. ट्रान्सफर मोड खरंच पीआयओ होता. आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये त्या ७ नंबरच्या ओळींची रांग, बरोबर फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापासून. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी स्मार्ट नोंद ठेवते तीत "करंट पेंडिंग सेक्टर", म्हणजे वाचता न येणारे संशयित सेक्टर, २४.

एसएसडी आणि केबल तपकीर गल्लीतून (बुधवार पेठेतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) आणली. रात्रपाळींनी सांगितल्याप्रमाणे दोन्ही डिस्कचे आकार मी वाचले, बाबांनी पुन्हा वाचले, मग एंटर. पहिला टप्पा तासाभरात झाला. उरलेल्या थोड्या जागांसाठी ते रात्रभर खरवडत बसलं. शेवटी १२ केबी वाचता आलंच नाही.

ते १२ केबी एका प्रकरणाच्या फाईलमध्ये होतं. तिसऱ्या शाखेची वंशावळ, ३८ पानं, ती फाईल उघडत नाही. बाकी सगळं उघडलं. मी रडायच्या बेतात होते. बाबा उठले, कपाटातून मार्चमध्ये काढलेल्या प्रुफांचा गठ्ठा आणला. त्यावर लाल शाईच्या दुरुस्त्या तशाच होत्या. म्हणाले, "ही ३८ पानं मी चार दिवसांत बसवतो. नाहीतरी त्या शाखेत दोन नावं राहिलीच होती." आणि बसले सुद्धा.

रात्रपाळी | रात्री ११.४०

बाबांना माझा नमस्कार. १६० जीबीतलं १२ केबी सोडून सगळं आलं, फार चांगलं झालं. जुनी डिस्क फेकू नका, तारीख लिहून बाजूला ठेवा.

आता आयडीई चॅनेल डिव्हाइस मॅनेजरमधून अनइन्स्टॉल करून संगणक पुन्हा चालू करा, म्हणजे डीएमए परत येईल. एक्सपीला एसएसडीची ट्रिम ही सोय (मोकळ्या झालेल्या जागा एसएसडीला कळवण्याची) माहीत नाही आणि त्याचं पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू होतं, त्यामुळे एसएसडीचा पूर्ण वेग मिळणार नाही. तुमच्या कामाला त्यानं काही अडत नाही.

अंगणातली_जाई | बुधवार, सकाळी ८.१०

डीएमए परत आलं. पेजमेकर चटकन उघडतो. दिवा पेटून राहणारा अडकणं-प्रकार कालपासून एकदाही नाही.

पण दुसरा प्रकार आहेच. आज पहाटे बाबा लवकर बसले होते, ६.०५ ला ठप्प.

मुठाकाठ | सकाळी ८.३०

मी म्हणत होतो, रॅम. मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवा, संशय फिटेल.

स्क्रूड्रायव्हर | सकाळी ८.५५

चालवा, मुठाकाठ बरोबर सांगतायत. आणि कॅबिनेट उघडून प्रोसेसरजवळचे कपॅसिटर (वीज साठवणारी छोटी नळकांडी) बघा. वरचा भाग सपाट हवा. त्यावर फुलीसारखी रेघ असते, तिथून फुगून वर आला असेल किंवा तपकिरी चिकट थर दिसला तर तो गेला. २००० नंतरच्या काही वर्षांत खराब कपॅसिटरची मोठी साथच आली होती, त्या काळातले कितीतरी बोर्ड मी असेच मेलेले पाहिलेत. प्रोसेसरवरच्या पंख्याचे चारही खुंटे बसलेत का तेही दाबून बघा. एक जरी सुटला तरी हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढणारा धातूचा ठोकळा) एका बाजूनं उचलला जातो.

अंगणातली_जाई | गुरुवार, सकाळी ७.१५

उघडलं. हीटसिंकच्या पात्यांवर धुळीचा थर इतका दाट की चिमटीत धरून अख्खा उचलला, गोधडीच्या तुकड्यासारखा. खुंटा एक सुटलेला होता! जुनी पेस्ट पुसून नवी लावली, चारही खुंटे बसवले. तापमान काम करताना ५२ अंशांपर्यंत जातं. बोर्डावरचे कपॅसिटर सगळे सपाट.

मेमटेस्ट काल रात्री दहाला लावली. सकाळी सहापर्यंत सात फेऱ्या, चुका शून्य. आणि रात्रभरात एकदाही ठप्प नाही.

मग सकाळी विंडोज चालू केलं आणि ६.५० ला ठप्प. मला काही सुचेनासं झालंय.

मुठाकाठ | सकाळी ७.४०

सात फेऱ्या शून्य चुका म्हणजे रॅम निर्दोष. मी माझा कौल मागे घेतो.

लोलक | सकाळी ९.३०

मी वीज क्षेत्रातून निवृत्त झालेला माणूस, संगणकातलं फारसं कळत नाही. पण धाग्यात एक गोष्ट खटकली म्हणून लिहितो.

जाई बेटा, तू ६.०५ आणि ६.५० अशा वेळा दिल्यास. रात्री आठ तास मशीन चालू होतं आणि ठप्प झालं नाही. बिघाड संगणकातच असता तर त्याला घड्याळ कळलं नसतं. बाबांना सांग, वहीत दर वेळची नेमकी वेळ लिहा, आणि त्या क्षणी घरात किंवा इमारतीत काय चालू झालं तेही.

अंगणातली_जाई | सकाळी ९.५२

लोलक काका, बाबांना वाचून दाखवलं. ते काही न बोलता आत गेले आणि त्यांच्या कामाची रोजनिशी घेऊन आले. त्यात ते पानं किती झाली ते लिहितात, आणि समासात "अडकला" म्हणून वेळ लिहितात. मला हे माहीतच नव्हतं! गेल्या तीन आठवड्यांतल्या वेळा वाचते: ६.०५, ६.५०, ६.१०, ५.४० संध्याकाळी, ६.०८, ६.४५, ५.३५ संध्याकाळी...

नळाला पाणी येण्याची वेळ. आमच्या इमारतीचा पंप सकाळी आणि संध्याकाळी याच वेळेला लावतात. बाबा म्हणतात, पंप लागला की ट्यूब एकदा मिचमिचते.

नवखा_७७ | सकाळी ९.५५

अंगावर काटा आला वाचून!

लोलक | सकाळी १०.३०

सापडलं. आता कारण समजून घे.

पंपाची मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते, पाऊण-एक सेकंद. तेवढा वेळ व्होल्टेज खाली येतं. थोडं येणं स्वाभाविक आहे. पण ट्यूब मिचमिचण्याइतकं येत असेल तर वाटेत कुठेतरी सांधा सैल आहे. एक विचारतो: इमारतीत दुसऱ्या कोणाचे दिवे वारंवार उडतात का?

अंगणातली_जाई | सकाळी १०.३८

हो!! दुसऱ्या मजल्यावरच्या काकू महिन्याला एक बल्ब जातो म्हणून दुकानदाराशी भांडत असतात.

लोलक | सकाळी १०.५०

मग सामायिक न्यूट्रल (वीज परत नेणारी सगळ्यांची एकच वायर) सैल आहे, बहुधा मीटर-रूममध्ये. थ्री फेज पुरवठ्यात न्यूट्रल सैल झालं की ज्या फेजवर मोठा भार पडतो त्याचं व्होल्टेज उतरतं आणि बाकीच्या फेजवरचं चढतं. तुम्ही पंपाच्या फेजवर, काकू दुसऱ्या. तुमचा संगणक ठप्प होतो आणि त्यांचे बल्ब उडतात, दोन्हींचं मूळ एक.

याला तू हात लावायचा नाहीस. परवानाधारक वायरमन बोलाव, सोसायटीच्या सचिवांना सोबत घे, आणि आजच्या आज. सैल न्यूट्रल तापतं, त्यातून आग लागते.

स्क्रूड्रायव्हर | सकाळी ११.१०

लोलक काका, सलाम. पण माझा एसएमपीएसही यात सहभागी आहे. चांगला एसएमपीएस पुरवठा गेला तरी साठवलेल्या जोरावर सुमारे १६ मिलिसेकंद बोर्डाला सांभाळतो, आणि सांभाळता आलं नाही तर "पॉवर गुड" हा बोर्डाला दिलेला 'वीज ठीक आहे' असा इशारा खाली ओढून मशीन रीसेट करतो. स्वस्तातल्यामध्ये ती देखरेख नावालाच असते. व्होल्टेज घसरतं, रीसेट होत नाही, आणि प्रोसेसर अर्ध्या वाटेत थिजतो.

जाईताई, मल्टिमीटर असेल तर काम चालू असताना चार पिनांच्या जोडणीत पिवळी आणि काळी वायर मोजा. ११.४ ते १२.६ च्या आत हवं. एसएमपीएसचा डबा मात्र उघडायचा नाही, बंद असला तरी आतले मोठे कपॅसिटर झटका देतात. आणि यूपीएस आहे का?

अंगणातली_जाई | सकाळी ११.४०

११.२ व्होल्ट. यूपीएस आहे, पण बॅटरी कधीची गेलीय, म्हणून बाबांनी थेट भिंतीला लावला होता.

मुठाकाठ | सकाळी ११.४४

१२ व्होल्ट ७ अॅम्पिअर-तासाची बॅटरी लागते, तपकीर गल्लीत सहज मिळेल. जुनी दुकानदाराला परत द्या, कचऱ्यात नको, आत शिसं असतं.

कोथरूडकर | दुपारी १२.३०

मी पहिलाच प्रतिसाद फॉरमॅटचा दिला होता. तो ऐकला असता तर तिसऱ्या शाखेबरोबर बाकीच्या शाखाही गेल्या असत्या. माफ करा जाई.

एक प्रश्न: माझ्याकडे विंडोज १० चं मशीन आहे. १४ ऑक्टोबर २०२५ पासून त्याचा आधार संपला आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप नाही म्हणून विंडोज ११ चढत नाही. मीही फेकू नये असं आता वाटतंय.

रात्रपाळी | दुपारी १२.४५

फेकू नका. लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवरून चालवून बघा, आवडलं तर टाका. आणि आधी प्रत घ्या.

अंगणातली_जाई | रविवार, रात्री ९.०५

शुक्रवारी वायरमन आले. मीटर-रूममधल्या न्यूट्रल पट्टीवरचा नट हातानं फिरत होता. लग (वायरच्या टोकाची धातूची टोपी) काळाठिक्कर, वायरचं आवरण दोन इंच वितळलेलं. सचिवांनी ते पाहिलं आणि तिथेच पंपाला वेगळी वायर ओढायचं ठरवलं. लग बदलून नट घट्ट केल्यावर, पूर्वी पंप लागताना २३२ वरून १९६ ला येणारं व्होल्टेज आता २२१ च्या खाली येत नाही. काकूंना सांगितलं तर त्यांनी आधी दुकानदाराला फोन करून माफी मागितली.

काल नवा एसएमपीएस बसवला. पिवळ्या वायरीवर १२.१. यूपीएसला बॅटरी घातली. आज सकाळी सहाला बाबा, मी आणि वायरमनकाका तिघं संगणकासमोर बसलो. पान ४१२ उघडं होतं. खाली पंप घरघरला. ट्यूब हलली नाही, बाण हलत राहिला. बाबा पुढची ओळ टाइप करू लागले. संध्याकाळीही तसंच.

तिसऱ्या शाखेची २६ पानं परत बसली आहेत.

लोलक | रात्री ९.२०

शाबास. दर सहा महिन्यांनी तो नट बघायला सांग.

खिळेजुळारी | रात्री ९.३५

जाई, पुढच्या रविवारी मी येऊ का? बाबांबरोबर बसून पहिली दहा प्रकरणं पीडीएफ करून टाकू. ऱ्ह असलेली पानं मी डोळ्यांखालून घालतो.

अंगणातली_जाई | रात्री ९.४१

नक्की या काका. बाबा विचारतायत, सकाळी नऊला चालेल का? तोवर पाणी भरून झालेलं असतं.